गोल नाळ

होडीची नाळ गोल करण्यात श्रीपाद मयेकरचे अकरा दिवस गेले होते. जयपूरच्या त्या सरकारी कचेरीत कॉम्प्युटर नवाच आलेला. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं आणि पडद्यावरच्या हिरव्या रेघांचा एकेक ठिपका सरकवत बसायचं. कितीही सरकवा, होडीच्या त्या पुढच्या टोकाला मधोमध असलेली धार काही हटायला तयार नव्हती. आज कुठे ती गेली आणि नाळ नारळाच्या पाठीसारखी गोल दिसली.

तेवढ्यात हर्डीकरसाहेब पान चघळत आत आले. सात वर्षांपूर्वीच्या पुरात ते आदर्श नगरच्या एका गच्चीवर दोन दिवस अडकले होते. "एक होडी आली नाही हो!" हे ते अजून भेटेल त्याला सांगायचे. तो किस्सा ऐकवूनच त्यांनी ही बचावाची होडी वरून मंजूर करून आणली होती.

"हे काय, कढई?" साहेबांनी चुन्याचं बोट थेट पडद्यावर टेकवलं. "नाक टोकदार करा. मतलब, बघताक्षणी जोरदार वाटली पाहिजे."

नाळेवरच्या त्या पांढऱ्या डागाची श्रीपादला शिसारी आली. तरी तो शांतपणे म्हणाला, "साहेब, टोकदार नाळ पाण्यातल्या माणसाच्या डोक्यात बसते. गोल असली की माणूस अलगद बाजूला सरकतो."

साहेब मनापासून हसले.

"अहो मयेकर, सव्वीस जानेवारीच्या चित्ररथावर ठेवायची आहे ती. पाण्यात कोण उतरवतंय?"