दुपारची झोप

रविवारी दुपारी चार वाजता चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या कलादालनात तरुण कलावंतांचं प्रदर्शन उघडलं. “फुकटची वाइन तरी पिऊ,” म्हणत शेजारीण यिट्का म्हाताऱ्या लिबुशेला ओढून घेऊन आली. शेवटच्या खोलीत भिंतभर एकच छायाचित्र होतं: खुर्चीत झोपलेली म्हातारी. “अगं, ही तर तूच,” यिट्का हसली. “तोंड मीट, माशी शिरेल.” लिबुशेला हसू आलं नाही. खुर्ची तिची होती. टेबलावरची निळी किटली तिने याच ईस्टरला घेतली होती. छायाचित्र तिच्या स्वयंपाकघराच्या दारातून काढलेलं होतं, आणि ती एकटी राहायची. “हा कलावंत कोण?” तिने दाराशी उभ्या पहारेकऱ्याला विचारलं. “कुणी पाहिलाच नाही, आजी,” पहारेकरी म्हणाला. “चौकट कुरिअरने आली.” “यिट्का, झाडांना पाणी घालायला दिलेली माझ्या घराची किल्ली कुठंय?” “ही काय, जुडग्यात.” जुडग्यात ती नव्हती. दालन बंद झालं, तरी घरी न जाता दोघी बाहेर पायऱ्यांवरच उभ्या होत्या.