हॉलची किल्ली

साउथहॅम्प्टनजवळच्या एका कॉलेजात पद्माकर काळसेकरांनी अकरा वर्षं बॅडमिंटन शिकवलं आणि चार वेळा काउंटीचा कप आणून दिला. रोइंगची टीम मात्र दर वर्षी न चुकता शेवटून पहिली यायची. पण शंभर वर्षांची परंपरा तिची, भिंतीवरचे फोटो तिचे आणि देणग्या देणारे माजी विद्यार्थीही तिचेच. त्यामुळे १९९१ साली रोइंगला फुल-टाइम कोच नेमायचं ठरलं, तेव्हा त्याच्या पगाराची सोय म्हणून काळसेकरांची जागा रद्द झाली.

त्यांनी सगळं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या, गिरीशच्या कानावर घातलं. चारातले दोन कप त्यानेच जिंकलेले. आता तो लंडनला बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता.

"काका, डोन्ट वरी. मी कॉलेजला डोनेशन देतो, तुमच्याच नावाने," तो म्हणाला. काळसेकरांचा जीव भांड्यात पडला.

देणगीच्या कार्यक्रमाला ते ठेवणीतला सूट घालून गेले. नदीकाठी गिरीशने कापड ओढलं. खाली रोइंगची नवीकोरी होडी होती आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव.

"बॅडमिंटनला दिलं असतं तर इथे आपल्याला कोणी विचारलं असतं, काका?" गिरीश त्यांच्या कानाशी म्हणाला.

 

टाळ्या थांबल्यावर प्रिन्सिपलनी काळसेकरांचा हात हातात घेतला. "आता तुमचं नाव कॉलेजात कायमचं राहिलं," ते म्हणाले, "बॅडमिंटन हॉलची किल्ली तेवढी सोमवारी ऑफिसात आणून द्या."