दारातली तपासणी

नवऱ्याने चपला काढल्या, डबा खाली ठेवला आणि दारातच वाकून तोंड उघडलं. "हा."

तिने नाक पुढे नेलं. दिवसभर लाकडाला पॉलिश चोळायचं त्याचं काम. कपड्यांना स्पिरिटचा वास असायचाच, म्हणून ती कॉलरच्या वर, अगदी ओठांपाशी नाक न्यायची. व्यसनमुक्ती केंद्रातून तो घरी आला त्या संध्याकाळपासून चौदा महिने हे असंच चाललं होतं. आधी तपासणी, मग घर.

"ठीक," ती म्हणाली.

रोज एवढ्यावर तो आत यायचा. आज वाकलेलाच राहिला.

"लसणाचा नाही आला?"

"आला की. कच्चाच खाल्लात वाटतं. हातपाय धुवा, चहा ठेवते."

"मी लसूण खाल्लेलाच नाही."

आत सासूबाई भाजी चिरत होत्या. सुरीचा आवाज थांबला.

वीस दिवसांपूर्वी तापातून उठली तेव्हा तिला कशाचाच वास येत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, येईल परत, कदाचित नाहीही येणार. ती दूध डेअरीत तपासनीस होती. कॅनचं झाकण उघडायचं, नाकाशी धरायचं, आंबूस वास आला की कॅन परत. ताप उतरल्यावर कामावर गेली त्याच दिवशी तिने साहेबांना खरं सांगून टेबलाचं काम मागून घेतलं होतं. नासकं दूध पुढे जाऊ देणं तिला जमलं नसतं. घरी मात्र तिने ब्रही काढला नव्हता.

"कोण बोललं?"

"तुझे साहेब. खुर्च्या पॉलिशला टाकायला आले होते. म्हणाले, बाईंचं नाक आलं का ठिकाणावर? मी म्हटलं, येतंय हळूहळू."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात, सोमवारी. आज नववा दिवस."

तो ताठ उभा राहिला. ती रागाची वाट बघत होती, पण राग नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर एक चोरटी ऐट होती. "नऊ दिवस माझ्यावर कुणाचा पहारा नाही, हे मला ठाऊक होतं. दुकानापासून घरापर्यंत दोन बार लागतात. दोन्हींवरून रोज आलो. आणि मी..."

बोलता बोलता तो थांबला. ती त्याच्याकडेच बघत होती, पण लक्ष दुसरीकडे होतं. मंगळवारी त्याचे डोळे लाल होते. पॉलिशने चुरचुरतात म्हणाला होता. शुक्रवारी तासभर उशीर. रविवारी अर्ध्या जेवणातून उठला.

"मोजतेयस," तो म्हणाला.

"नाही हो."

"मोज ना. मंगळवार धर. शुक्रवार विसरू नकोस."

तिला स्वतःची लाज वाटली. पण दिवस आपले एकामागून एक पुढे येतच राहिले.

"आई!" त्याने हाक मारली. "जरा बाहेर ये."

सासूबाई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"माझ्या तोंडाचा वास घे आणि हिला सांग."

घरात आता एवढं एकच नाक उरलं होतं. आणि अकरा वर्षं, तो भिंत धरून जिना चढायचा तेव्हासुद्धा, त्या नाकाला पॉलिशखेरीज कसलाही वास आला नव्हता.

सासूबाई होत्या तिथूनच म्हणाल्या, "काही नाही गं. नुसतं पॉलिश आहे. माझी शपथ."

"आई, जवळ येऊन सांग."

"जवळ कशाला? हुंगून घ्यायला तू काय खरबूज आहेस? माझं लेकरू मला कळत नाही होय?" मग सुनेकडे वळून, "आणि तू गं, दमूनभागून आलेल्या माणसाला दारात काय उभं करतेस?"

"आई, पाया पडतो तुझ्या." त्याचा आवाज चिरकला. "एकदा, एकदाच खरंखुरं बघून सांग."

"सांगितलं ना? तू प्यायलेला नाहीस." सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "तू कधीच प्यायलेला नव्हतास."

आणि त्या आत गेल्या. सुरी पुन्हा चालू झाली.

त्याने डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावरची ऐट पार उतरली होती. आपल्या बाजूने असा साक्षीदार उभा राहिल्यावर माणसाने आणखी काय बोलायचं?

ती पुढे झाली. टाचा उचलून नाक त्याच्या ओठांपाशी नेलं. तिने काही म्हणायच्या आत त्याने तोंड उघडलं. ऊन, दमट हवा तिच्या वरच्या ओठावर लागली. एक श्वास, दोन, तीन. डोळे बारीक करून ती शोधत राहिली, जणू नेट लावला तर काहीतरी सापडेल.

"काय?" त्याने विचारलं.

ठीक म्हणायला तिचं काहीच जात नव्हतं. वीस दिवस ती तेच म्हणत आली होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"रोज सकाळी उठल्यावर मला तरी कुठे माहीत असतं, आजचा दिवस कोरडा जाईल का," तो म्हणाला. "चल, बाजूला हो. आत येऊ दे."