वर्णपट

"पोरीची आंघोळ दुसऱ्याच्या हाती देऊ नको वं," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या. मी हसून सोडून दिलं. मला प्रबंध संपवायचा होता: एकाच मूळ पिंडाचे तुकडे होऊन बनलेले लघुग्रह वर्णपटावरून ओळखायचे, कोण कोणत्या कुळातला ते.

आंघोळ सासूबाई घालायच्या. काल म्हणाल्या, "तू दगडाचा वर्ण पाहून त्याचं कुळ सांगतं ना? मंग सांग, ही काळी कोणाच्या कुळातली हाये?"

"तुमच्याच. उन्हानं दगड वरून काळवंडतो, वर्णपटातली खूण जात नाही. वरच्या रंगावरून कुळ ठरवणारा माझ्या विषयात नापास होतो."

"म्हणूनच परवापासून वरचा रंग काढून राहिली मी. लिंबू न् सोडा लावून."

मी झबलं वर केलं. चार महिन्यांच्या लेकीची पाठ सोलून निघाली होती.

धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, आणि मला शिव्या. बरोबरच दिल्या. तीस कोटी किलोमीटरवरच्या दगडात लोह आहे का, हे मी सांगते. शेजारच्या न्हाणीघरात काय चाललंय, ते मला दिसलं नाही.

तुमच्या बाळाला दुसरं कोणी न्हाऊ घालत असेल, तर वाचणं थांबवा. उठा, त्याची पाठ बघा.