धडधाकटाचे हात

धोंडुबाईनं चुन्याच्या निवळीची परात अंगणात ठेवली आणि रोग्याच्या आधी आपल्या मुलालाच हाक मारली.

"सिद्धू, हात पुढं कर."

"माजं?" रजेवर आलेला सिद्धू हसला. बांगलादेशच्या लढाईतून ओरखडाही न उठता परतलेला गडी, सकाळीच चार भाकरी उडवून बसला होता. "आये, मला काय धाड भरलीय?"

"म्हणून तर."

पायरीवर मनुबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर पिवळी पडलेली, म्हणून तिला घेऊन मनुबाई दोन कोस चालत आलेली. धोंडुबाईच्या हाताला गुण आहे, तिनं हात धुतले की कावीळ पिवळी होऊन पाण्यात उतरते, हे रहिमतपुरात लहान पोरही सांगे. पण यंदा तिलाच कावीळ झाली. तीनदा तिनं ती उतरवली, तीनदा ती परत आली. शेवटी सिद्धूनं तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं.

"ही बाहेरून आलेली नाही, बाई," डॉक्टर म्हणाले होते. "तुमच्या रक्तातली राखणच उलटलीय. लिव्हरलाच परकं समजतेय." रक्त मुंबईला गेलं होतं. तिथं ही उलटलेली राखण शोधायला ते उंदराच्या पोटातल्या मांसाच्या पातळ कापावर टाकलं, तर चिकटून बसलं. शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्त टाकलं, ते चिकटलं नाही.

"धडधाकटाचं कशाला?" धोंडुबाईनं विचारलं होतं.

"सगळ्यांचंच चिकटत असेल तर? मग तुमच्या चिकटण्याला काय अर्थ?"

गोळ्या रोज घ्यायच्या होत्या, कदाचित जन्मभर. तीन दिवस त्या कोनाड्यात पडून होत्या. धोंडुबाईच्या डोक्यात मात्र तो धडधाकट माणूसच घुसून बसला होता.

तिनं सिद्धूच्या हातांना आंब्याच्या सालीचा रस चोळला, तसाच, जसा तीस वर्षं चोळत आली होती. मग हात परातीत धुतले.

पाणी पिवळंजर्द झालं.

सिद्धूचं हसू मावळलं. धोंडुबाई परातीकडं बघत राहिली. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती. कितीतरी जण बरे होऊन नारळ घेऊन आले होते. बरे न झालेले कशाला येतील सांगायला?

"मावशी, आता हिचं हात धुवा की," मनुबाई म्हणाली.

धोंडुबाईनं परात शेवग्याच्या बुडात ओतली. आत गेली, कोनाड्यातली गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळली आणि आपला दवाखान्याचा कागद घेऊन बाहेर आली.

"ह्यो कागद दाखव तितं. पोरीला तपासू दे. मिरजेची गाडी अजून हाय, सिद्धू येतोय ठेसनापत्तोर."

"आवं पर तुमच्या हाताला गुण हाय की!"

"माजं डोळं बघ गं."

मनुबाई इतका वेळ तिच्या हातांकडंच बघत होती. आता तिनं वर, तिच्या पिवळ्या डोळ्यांकडं पाहिलं. मग पोरीला कडेवर घेतलं.