भिंतीच्या कडेने आठ दिवस

"माका जमाचा नाय रे जयवंता," फोनवर सीताराम म्हणाला. "गुडघ्याची पुरी वाट लागली. डॉक्टरान जिनो चढाक सुदीक नको म्हणान सांगितल्यान. तू जा."

तू जा म्हणे! जयवंतने फोन ठेवला आणि टेबलावर पसरलेल्या नकाशाकडे असा केविलवाणा बघत बसला, की समोर मेथी निवडणाऱ्या त्याच्या बायकोला, शेवंतीला, त्याची दयाच आली. रागही आला. दया थोडी, राग जास्त.

नकाशा इंग्लंडचा. तिथे म्हणे एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणा रोमन बादशहाने राज्याच्या हद्दीवर या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत भिंत बांधली. आता कुठे ती कमरेएवढी उरलीय, कुठे नुसता उंचवटा. तिच्या कडेकडेने लोक एकशे पस्तीस किलोमीटर चालत जातात. हौसेने! भिंतीच्या एका टोकाला, न्यूकॅसलला, यांची मुलगी दीप्ती नोकरी करते. दिवाळीत घरी आली तेव्हा तिने फोटो दाखवले आणि तेव्हापासून या माणसाला दुसरं काही सुचत नव्हतं. चौतीस वर्षं महापालिकेच्या पाणी खात्यात, तानसाच्या पाइपलाइनच्या कडेने चालण्यात गेलेली. लांबच लांब जाणारी वस्तू दिसली, की पाय शिवशिवणारच.

बेतही त्याने खात्याच्या पद्धतीने आखलेला. आठ दिवसांची आठ पानं. किती किलोमीटर, पाणी कुठे भरायचं, मुक्काम कुठे. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर दोन नावं, स्वतःचं आणि खात्यातल्या जुन्या जोडीदाराचं, सीतारामचं. लाइनवर एकट्याने जायचं नाही, एक पुढे आणि एक मागे, हा खात्याचा नियम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण नियम म्हणजे नियम.

दीप्ती आज संध्याकाळी तिकिटं काढणार होती. जयवंतने मग इतर मित्रांपैकी दादूला फोन लावला. दादूला थंडी सोसत नाही. देवव्रतला लावला. त्याच्या नातवाची मुंज. मग तर खालच्या मजल्यावरच्या हर्षदलाही विचारून झालं, ज्याच्याशी तो उभ्या आयुष्यात चार वाक्यं बोलला नव्हता.

शेवंती मेथी निवडत होती. अख्ख्या मुलुंडला विचारून होईल या माणसाचं, पण टेबलाच्या पलीकडे बघायचा नाही! फोटोतली ती हिरवीगार टेकाडं, त्यावर चरणारी मेंढरं तिच्या मनात कधीची बसली होती. जायचं होतं तिला. फार जायचं होतं. पण आपण होऊन 'मी येऊ का' म्हणायचं? छट्! मेली तरी म्हणणार नव्हती.

तेवढ्यात दीप्तीचाच फोन आला. जयवंतने तो स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग आईला घेऊन या ना, बाबा!"

"तुझ्या आईला?" जयवंत हसला. "अगं, तिला साधं मार्केटला जायचं तर रिक्षा लागते. एकशे पस्तीस किलोमीटर म्हणजे काय खाऊ आहे?"

शेवंतीने मेथीची जुडी ताटात आपटली.

"रिक्षा तुमच्याबरोबर असले की लागते," ती म्हणाली. "तुम्ही असे सुटता, जशी मागे आग लागलीय. धावून धावून माझा जीव जातो, म्हणून हात करते रिक्षाला. एकटी असले की मी चालतच जाते. भांडुपला."

"भांडुपला? कशाला?"

"बुधवारी आणि शुक्रवारी बोटं चाटून बांगडे खाता ना? ते काय मुलुंडचे वाटले? भांडुपच्या कोळणीकडचे आहेत. जाताना चालत, येताना मासळीची पिशवी घेऊन चालत. पाच वर्षं झाली. मी निघते तेव्हा तुम्ही पेपरात डोकं घालून बसलेले असता, आणि परत येते तेव्हा तुमचं शब्दकोडं चालू असतं."

सवयीने जयवंतने मनात अंतर मोजलं. "जाऊन येऊन आठ किलोमीटर," तो पुटपुटला. "आणि वर ओझं."

"झकास!" फोनमधून दीप्ती ओरडली.

जयवंतने चष्मा काढला, पुसला, परत लावला. घसा खाकरला. एरवी 'अगं' आणि 'ऐक गं' यांवर भागवणारा माणूस, पण आज त्याने नाव घेतलं. "शेवंती, माझ्याबरोबर येशील का गं? पुढे तू चाल. मी मागून येतो."

दिवाळीपासून शेवंतीने ज्या शब्दांची वाट पाहिली ते आले. पण एवढं थांबायला लावल्यावर ती लगेच हो म्हणते की काय!

"बघते," ती म्हणाली, आणि मेथी उचलून स्वयंपाकघरात गेली.

तिने तांदूळ धुतले. कुकर लावला. बाहेर दीप्ती विचारत होती, "बघते म्हणजे हो ना?"

"काय कळत नाही बुवा," जयवंत म्हणत होता. "तू ठेवू नकोस फोन."

पहिली शिट्टी झाली. शेवंती मेथी चिरत होती. जयवंत दारापर्यंत आला, तिच्या पाठीकडे बघून परत गेला. दुसरी शिट्टी झाली. शेवंतीने तोंडाला पदर लावला, कारण हसू आवरेना. तिसरी शिट्टी झाल्यावर तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि आतूनच हाक मारली.

"अहो, दीप्तीला म्हणावं, मला खिडकीची सीट पाहिजे. जातानाही, आणि येतानाही."