बाबांचे व्हिडिओ

डिस्क काठोकाठ भरली होती आणि कॉम्प्युटर पावलोपावली अडकत होता. म्हणून दुपारी दादा बाबांचे जुने व्हिडिओ काढून टाकायला बसला. बाबा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या हातचा मार दोघा भावंडांनी इतका खाल्ला होता की त्यांचा चेहरा पुन्हा पाहायची हौस कुणालाच नव्हती.

पहिला व्हिडिओ डिलीट झाला आणि मागे फाडकन आवाज आला. पलंगावर कपड्यांच्या घड्या घालणारी धाकटी बहीण गाल धरून बसली होती. गालावर पाची बोटं उमटली होती.

"काय गं, काय झालं?"

"कुणीतरी मारलं मला."

खोलीत दोघंच होती. दुसरा व्हिडिओ गेला तसा तिचा ओठ फुटला आणि चादरीवर रक्त सांडलं.

"दादा, थांबव ते! राहू देत त्यांना आतच!"

त्याने रद्दचं बटण दाबलं, मग वायरच उपटली. तरी स्क्रीन चालू राहिली. व्हिडिओ एकामागून एक जात होते, डिस्क रिकामी होत होती.

धाकटीची वेणी हवेत ताठ झाली आणि ती पलंगावरून खाली ओढली गेली. दादाने झेप घेऊन तिचे पाय घट्ट धरले.

पलीकडून कुणीतरी त्याच्याहून जोरात हिसका दिला.